रोगाआधी वाडीचा ताप मोजा

वसईच्या पट्ट्यात वांग्याला मर लागली, पानवेलीवर काळे डाग पडले किंवा मोगऱ्याची पानं करपायला लागली की बागायतदाराच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘काय मारू?’ हा. दुकानदार एक बाटली देतो, ती लागू पडली नाही तर दुसरी देतो, आणि हंगाम संपेपर्यंत औषधाचा खर्च मालाच्या पैशाला भिडतो. रोग म्हणजे बाहेरून आलेला शत्रू आणि त्याला मारलं की काम झालं, असं या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं. पण मर आणणारा जिवाणू किंवा खोड कुजवणारी बुरशी यंदाच वाडीत आलेली नसते. ती मातीत, पाचोळ्यात, पाटाच्या पाण्यात वर्षानुवर्षं असते आणि बहुतेक दिवस झाडं तिला पुरून उरतात. मग त्याच वाडीत, त्याच जातीची झाडं एखाद्या वर्षी पटापट का बसतात? याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक मोठं कारण अजून आपल्या हिशेबात आलेलं नाही. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की झाडाची स्वतःची लढायची ताकद खालावते. हे मान्य केलं तर कामाचा क्रम बदलतो. वाडीचा गारवा राखणं हे रोग आवरण्याचं पहिलं काम ठरतं, आणि फवारणी त्याच्या मागची.

झाडाला रक्त नाही, रोगजंतूच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. तरी त्याला प्रतिकारशक्ती आहे, आणि ती प्रत्येक पेशीत आहे. पानात जंतू शिरला की पेशी त्याला ओळखते, भोवतीच्या काही पेशी मरू देऊन त्याची वाट अडवते आणि सॅलिसिलिक आम्ल तयार करायला लागते. ॲस्पिरिनच्या गोळीतल्या द्रव्याचं हे सख्खं भावंड. याच आम्लाच्या इशाऱ्यावर संरक्षक प्रथिनं बनतात आणि रोग न लागलेली पानंसुद्धा सावध होतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात शेंग यांग हे यांच्या प्रयोगशाळेनं २०१७ साली अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. नेहमीच्या २३ अंशांऐवजी रोपं ३० अंशांवर ठेवली, तर जंतू शिरल्यावरही त्यांनी पुरेसं सॅलिसिलिक आम्ल बनवलंच नाही. शिवाय जंतू आपली घातक प्रथिनं झाडाच्या पेशीत टोचतो, ते टोचणंही उष्णतेत वाढलं. म्हणजे हल्ला जोरात आणि बचाव थंड, असा दुहेरी फटका. पुढे ड्यूक विद्यापीठात गेलेल्या याच गटानं २०२२ साली त्यामागचा खटका शोधला. सीबीपी६०जी नावाचा एक जनुक प्रतिकाराची बरीच सूत्रं हलवतो, आणि २८ अंशांवर तो नीट चालू होत नाही. तो उष्णतेतही चालू राहील अशी सोय केल्यावर रोपांची झुंज परत आली. मोहरीच्याच कुळातल्या तेलबियांच्या पिकातही त्यांना आशादायक चिन्हं दिसली. मात्र असं बियाणं तुमच्या-आमच्या बाजारात नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवून बसण्यात अर्थ नाही.

हा शोध नवा असला तरी त्याची चाहूल शेतीशास्त्राला फार आधी लागली होती. तंबाखूच्या एका रानटी भावकीतून मोझॅक विषाणूला अडवणारा ‘एन’ जनुक लागवडीच्या तंबाखूत आणला गेला. तो छान काम करतो, पण साधारण २८ अंशांच्या वर हात टेकतो. टोमॅटोत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना अडवणारा ‘एमआय’ जनुक आहे. सूत्रकृमीरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या टोमॅटोच्या कितीतरी जाती त्याच्याच जोरावर उभ्या आहेत. मातीचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं की त्याचाही जोर ओसरतो. इथे मातीचं तापमान म्हटलंय, हवेचं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

तंबाखूच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट बागायतदारानं समजून घेण्यासारखी आहे. विषाणू लागलेलं रोप उष्णतेत ठेवलं तर ते वरवर ठीक दिसतं, कारण त्याची लढाईच सुरू झालेली नसते. विषाणू मात्र निवांत सगळ्या झाडभर पसरतो. मग रोप थंड जागी आणलं की प्रतिकार एकदम जागा होतो आणि जिथे जिथे विषाणू आहे तिथे तिथे झाड स्वतःच्या पेशी मारत सुटतं. काही तासांत पानं कोलमडतात. प्रत्येक पिकात हुबेहूब असंच होतं असं नाही, पण रोगाचं लक्षण ज्या दिवशी दिसतं त्या दिवशीची हवा त्याला कारण असेलच असं नाही, एवढं यातून कळतं. मळभ आलं, दोन दिवस गारवा पडला आणि झाडं बसली की आपण मळभाला दोष देतो. त्याआधीच्या आठवड्या-पंधरवड्यात वाडी किती तापली होती, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

आता हे सगळं वसईला कितपत लागू पडतं ते पाहू. वसईच्या दक्षिणेला सांताक्रूझची आणि उत्तरेला डहाणूची वेधशाळा, या दोहोंच्या मधला हा किनारा. सांताक्रूझच्या सरासरीत जानेवारीची रात्र साधारण १७ अंशांवर उतरते, एप्रिलची २४ च्या आसपास आणि मे महिन्याची २७ च्या आसपास राहते. दुपारचं कमाल तापमान मात्र वर्षातले बहुतेक महिने ३० ते ३४ च्या दरम्यान असतं, कारण समुद्राचा वारा ते फार चढू देत नाही. विदर्भासारखे ४५ अंश इथे होत नाहीत, म्हणून आपल्याकडे उष्णतेचा प्रश्नच नाही असं वाटतं. पण २८ ही रेघ डोळ्यांसमोर ठेवली तर इथली दुपार जवळजवळ बारमाही तिच्या वरच असते. झाडाला उसंत मिळते ती रात्री आणि पहाटे, आणि प्रश्न त्या उसंतीचाच आहे. प्रयोगशाळेत तापमान दिवस-रात्र एकसारखं ठेवतात, वाडीत ते चढतं-उतरतं. म्हणून रेघेच्या खालचे तास जितके कमी, तितका झाडाचा बचाव लंगडा, असा तर्क मी मांडतो आहे. तो प्रयोगाच्या आकड्यांवरून काढलेला आहे, वसईच्या वाडीत मोजलेला नाही. तो रास्त वाटण्याचं कारण असं की बदल नेमका रात्रीच्या बाजूनं होतो आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, उबदार रात्रींची संख्या वाढली, आणि उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशानं तापला. किनाऱ्यावरच्या रात्रीचं तापमान बऱ्याच अंशी समुद्रच ठरवतो. त्यात वाडीच्या तीन बाजूंना इमारती उठल्या, दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ऊब सोडायला लागलं, की उरलीसुरली पहाटही जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही झाडं कोकणातलीच, त्यांना उकाड्याची सवय आहे. अमेरिकेतल्या बंद खोलीत वाढवलेल्या एका तणाचा नियम आमच्या केळीला कशाला? आक्षेपात तथ्य आहे. २८ हा काही सगळ्या वनस्पतींसाठी दगडावर कोरलेला आकडा नाही. भेंडी, चवळी, केळी, नारळ यांची सोसण्याची पातळी वरची असणार. पण वाडीत काय काय लावलेलं असतं ते बघा. कोबी, फ्लॉवर, मुळा, टोमॅटो, गुलाब ही हिवाळ्याच्या भरवशावरची पिकं, आणि वसईच्या भाजी-फुलांचा मोठा हंगाम दिवाळीनंतरचाच. पानवेल उष्ण प्रदेशातली खरी, पण ती जंगलाच्या सावलीत वाढणारी वेल आहे, उघड्या उन्हातली नव्हे. उकाड्याची सवय म्हणजे एका ठराविक पातळीची सवय. ती पातळी सरकत राहिली तर सवयीच्या झाडालाही नवी हवा नवीच असते. आणि तंबाखू, टोमॅटो ही काही थंड देशातली रोपं नव्हेत. त्यांच्यातही हाच प्रकार दिसला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. उष्णतेनं रोगजंतूही मरतात, मग फायदा-तोटा सारखाच नाही का? काही रोगांच्या बाबतीत खरंच तसं आहे. बटाटा-टोमॅटोवरच्या उशिराच्या करप्याला थंड, ओली हवा लागते, आणि भुरीलाही कडक ऊन मानवत नाही. काही विषाणूंना जखडणारी झाडाची एक वेगळी यंत्रणा तर उबेत अधिक चांगली चालते. भाताच्या कडा करप्याविरुद्धचा ‘एक्सए७’ हा जनुक २९ अंशांच्या दिवसांपेक्षा ३५ अंशांच्या दिवसांत अधिक ताकदीनं उभा राहतो, असंही दिसलेलं आहे. तेव्हा उष्णता वाढली म्हणजे सगळे रोग सरसकट वाढले, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण वसईच्या वाडीला छळणाऱ्या रोगांची यादी काढली तर पारडं कुठे झुकतं ते कळतं. वांगी, टोमॅटो, मिरची बसवणारा मरीचा जिवाणू ३० ते ३५ अंशांत सुखानं वाढतो. पानवेल आणि भाज्यांचं खोड जमिनीलगत कुजवणारी स्क्लेरोशियम बुरशी उबदार, ओल्या मातीतली. सूत्रकृमींची पिढी गरम मातीत लवकर पुरी होते. भेंडीचा हळद्या पसरवणारी पांढरी माशी आणि मिरचीवर बोकड्या आणणारे कीटक उन्हाळ्यात झपाट्यानं वाढतात. म्हणजे जे रोग उष्णतेनं मागे हटतात ते आपल्याकडे फारसे नाहीत, आणि जे तिच्यावर पोसले जातात ते नेमके आपल्या मातीतले.

मग करायचं काय? सुरुवात हवेपासून नको, मातीपासून करा. हवा तुमच्या हातात नाही, माती बऱ्याच अंशी आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी उघड्या वाफ्याच्या वरच्या थरात हात ठेवून पाहा, तो फार वेळ ठेववत नाही. तीच माती चार बोटं जाडीच्या आच्छादनाखाली कित्येक अंशांनी थंड असते. त्यासाठी काही विकत आणायला नको. केळीची सुकी पानं, भाताचा पेंढा, बारीक केलेल्या झावळ्या वाडीतच असतात, आणि अनेक ठिकाणी त्या जाळल्या जातात. मात्र करप्यानं डागाळलेली केळीची पानं केळीच्याच बुडाशी पसरू नका, ती दुसऱ्या पिकाला वापरा किंवा खतखड्ड्यात कुजवा. आच्छादन खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलाव्यानं खोडच कुजेल. ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी टाकणाऱ्यांनी तर आच्छादनाशिवाय ती टाकूच नये. तिला २५ ते ३० अंशांची, ओलसर, सेंद्रिय माती लागते. तापलेल्या कोरड्या मातीत ती टाकणं म्हणजे पुडीचे पैसे मातीत घालणं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीत ती द्यावी.

उष्णतेचा उपयोग शत्रूविरुद्धही करता येतो, पण वाफा रिकामा असतानाच. एप्रिल-मे मध्ये ज्या तुकड्यात मर किंवा सूत्रकृमी होते तो तुकडा नांगरून, सपाट करून, भरपूर पाणी देऊन त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरून टाका आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं, कारण ऊन आत शिरून अडकलं पाहिजे. रोगजंतूंबरोबर मातीतले चांगले जीवही यात कमी होतात, म्हणून प्लास्टिक काढल्यावर शेणखत आणि ट्रायकोडर्मा देणं आवश्यक. सावलीच्या तुकड्यात याचा फारसा उपयोग होत नाही.

सावलीचा मुद्दा मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. वसईची जुनी वाडी वरून खाली थरांची असे. उंच नारळ-सुपारी, खाली केळी, आधारावर चढलेली पानवेल, आणि बुडाशी आळू, हळद. ही रचना जागेच्या काटकसरीची म्हणून सांगितली जाते, पण तिनं वाडीच्या आत वेगळी हवा तयार केली होती हेही तितकंच महत्त्वाचं. माड म्हातारे झाले, तोडले, नवे लावले नाहीत, आणि तीच पानवेल उघड्यावर आली, की औषधाचा खर्च वाढणार यात नवल नाही. पण दाट सावली म्हणजे दमट हवा, ओली पानं, आणि मग करपा व पानावरचे डाग, हेही प्रत्येक बागायतदार जाणतो. म्हणून सावली हवी ती वरून, बाजूंनी नव्हे. ऊन अडलं पाहिजे आणि वारा खेळला पाहिजे. केळीच्या जास्तीच्या पिलांची गर्दी काढणं, करपलेली खालची पानं वेळच्या वेळी कापणं, पानवेलीच्या ओळींत चालण्याइतकं अंतर ठेवणं, कुंपणाची झाडं वाऱ्याच्या दिशेला विरळ ठेवणं ही त्यासाठीची कामं आहेत. पावसाळ्यात सावली छाटून कमी करावी आणि ऑक्टोबरपासून पुन्हा वाढू द्यावी. शेवरी, शेवगा, पांगारा अशी झपाट्यानं फुटणारी झाडं यासाठीच सोयीची. ज्यांच्याकडे झाडं नाहीत त्यांनी भाजीवर ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी दुपारच्या उन्हाच्या बाजूनं लावली तरी चालेल. पण चारी बाजूंनी बंद केलेली जाळी ही कोंदट पेटी होते, आणि तिच्यात रोग कमी होण्याऐवजी वाढतो.

पाण्याबाबत नियम सोपा आहे: मुळाशी, पहाटे, थोडं आणि वारंवार. संध्याकाळी पानांवर पाणी उडवलं तर गारवा तासाभराचा आणि ओल रात्रभराची, आणि जंतूला शिरायला तीच ओल लागते.

ऑक्टोबर हा वसईच्या वाडीतला सर्वांत धोक्याचा महिना. पाऊस नुकताच थांबलेला, माती भिजलेली, आभाळ मोकळं झालेलं, दुपार ३४ च्या आसपास, रात्र अजून २४ ला. मरीच्या जिवाणूला याहून चांगली हवा मागून मिळायची नाही. नेमक्या त्याच दिवसांत आपण वांगी-टोमॅटोची कोवळी रोपं उघड्या वाफ्यात लावतो. यावर बागायतदाराचं उत्तर तयार असतं: माल लवकर आला तर भाव मिळतो, उशीर केला तर घाटावरचा माल येऊन भाव पडतो. हा हिशेब खोटा नाही, आणि लवकरचा माल सोडून द्या असं सांगण्यात काही अर्थ नाही. पण सगळी वाडी लवकरच्या भावावर लावू नका. लवकरची लागवड जाळीखाली वाढवलेल्या, जरा मोठ्या झालेल्या रोपांची, उंच गादीवाफ्यावर, आच्छादन घालून, आणि मागच्या वर्षी मर नसलेल्या तुकड्यातच करा. उरलेली लागवड रात्री उतरायला लागेपर्यंत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबवा. लवकरच्या रोपांतली किती बसली आणि उशिराच्या रोपांतली किती, हे मोजून ठेवलं तर दुसऱ्या वर्षी हिशेब कोणाला विचारावा लागणार नाही.

जात निवडताना पाकिटावरचं ‘रोगप्रतिकारक’ हे विशेषण वाचून खरेदी करणं पुरेसं नाही. कोणत्या रोगाला, आणि कोणत्या हवेत, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारा. उत्तर मिळालं नाही तर पूर्ण वाडी त्या जातीवर लावू नका. थंड पठारावर चाचणी झालेली जात किनाऱ्यावरच्या गरम मातीत तशीच वागेल याची खात्री नसते. टोमॅटोचं उदाहरण वर दिलंच आहे. सूत्रकृमीरोधक जात लावून माती मात्र उघडी ठेवली, तर ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो गुणच उन्हात वाया जातो. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणाच्या हवामानासाठी काम करतं आहे. भाताचं कर्जतचं केंद्र त्याचंच. जिथे विद्यापीठाची शिफारस उपलब्ध आहे तिथे ती आधी पाहावी.

बाजारात हल्ली झाडाची ‘इम्युनिटी’ वाढवणारी टॉनिकं भरपूर आली आहेत. सॅलिसिलिक आम्लाबद्दल ऐकून काही जण ॲस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून फवारतातही. कल्पना पूर्ण पोकळ नाही. २०१७ च्या ज्या प्रयोगाचा उल्लेख केला त्यातच सॅलिसिलिक आम्लासारखं काम करणारं एक रसायन बाहेरून दिल्यावर रोपं उष्णतेतही वाचली होती. पण प्रयोगात प्रमाण मोजलेलं असतं आणि रसायन शुद्ध असतं. जास्त प्रमाणात हेच आम्ल पानं जाळतं आणि वाढ खुंटवतं, कारण झाडाला वाढ आणि बचाव या दोन्ही कामांसाठी एकाच कमाईतून खर्च करावा लागतो. अंदाजानं केलेली फवारणी त्या कमाईवरच घाला घालते. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती घेऊ नका, आणि घेतलीच तर आधी चार झाडांवर पाहा.

खतातही हेच तत्त्व आहे. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून उन्हाळ्यात युरियाचा हात सैल सोडला जातो. त्यातून लुसलुशीत, पातळ कातडीची वाढ होते आणि मावा, पांढरी माशी, जिवाणू या सगळ्यांना आमंत्रण जातं. नत्र थोडं थोडं विभागून द्या, पालाश कमी पडू देऊ नका. फवारणी करायचीच झाली तर ऊन चढण्याआधी करा. विशेषतः गंधक ३२ अंशांच्या वर फवारलं तर पान भाजतं, आणि मग ते भाजणंही रोग समजून दुसरं औषध मारलं जातं. पानवेलीला पावसाळ्याच्या तोंडावर १ टक्का बोर्डो मिश्रण देण्याची जुनी पद्धत मात्र सोडू नका. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे तिचं माप. गारवा राखणं हे औषधाला पर्याय नाही, औषधाची गरज कमी करणं एवढंच त्यातून साधतं.

काहीही मारण्याआधी रोग कोणता ते मात्र नक्की करा, आणि त्यातला बराच भाग घरच्या घरी होतो. वांग्याचं किंवा टोमॅटोचं झाड हिरवंच असताना दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि दोन-तीन दिवसांत कायमचं बसतं. त्याचं जमिनीजवळचं खोड तिरकं कापून घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात, हात न हलवता, टोक बुडेल असं धरा. दोन-चार मिनिटांत कापाच्या कडेतून पांढरट, दुधी धागा खाली उतरायला लागला तर ती जिवाणूची मर. त्यावर बुरशीनाशक ओतून काही होणार नाही. झाड मुळासकट उपटा, मातीसह पिशवीत घालून वाडीबाहेर न्या, आणि त्या जागेचं पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. धागा आला नाही आणि खोडाच्या बुडाशी पांढरी जाळी व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. पण चवळी-वालाच्या मुळांवरच्या, नखानं सहज सुटून येणाऱ्या आणि आतून गुलाबी गाठी पाहून घाबरू नका. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या असतात.

शेवटचा आक्षेप वाडीच्या कुंपणाबाहेरचा आहे. एकट्यानं आच्छादन घालून आणि चार माड लावून काय होणार, शेजारचं शेत भराव टाकून इमारतीला गेलं तर? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि म्हणूनच तो सार्वजनिक पातळीवर मांडावा लागतो. वसईची बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची ती जुनी तळी, विहिरींना पाणी पुरवत आली आणि भोवतालची हवाही गार ठेवत आली. त्यातली कितीतरी बुजली. विहिरी उपसल्या गेल्या तसं काही ठिकाणी पाणी खारं झालं, आणि खाऱ्या पाण्यावरचं झाड आधीच दमलेलं असतं. ते उष्णतेला काय तोंड देणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं हा पट्टा राखण्यासाठी लढा दिला तो पाणी आणि जमिनीच्या नावानं. त्या यादीत आता रात्रीचा गारवाही घालायला हवा. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. विकास आराखड्यात वाडी, बावखल आणि मोकळी जागा यांची नोंद होताना बागायतदारांनी लेखी हरकतींतून हा मुद्दा शेतीच्या नुकसानीचा म्हणून मांडला तर तो भावनेपुरता राहत नाही.

आकडे नसतील तर ना हरकत टिकते, ना वाडीतला निर्णय. म्हणून यंदा एवढं करा. किमान-कमाल दाखवणारा एक तापमापक घ्या, तो वाडीत सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा, आणि रोज सकाळी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. मातीत खुपसायचा दुसरा तापमापक मिळाला तर आच्छादित आणि उघड्या वाफ्यातलं दुपारचं तापमान आठवड्यातून एकदा लिहा. ज्या दिवशी पहिलं झाड बसलं त्या तारखेवर खूण करा. हंगाम संपला की ते कॅलेंडर आणि बसलेल्या झाडाचा नमुना घेऊन डहाणू तालुक्यातल्या कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात जा. रोगाचं नाव ते नमुन्यावरून सांगतील, पण पुढच्या वर्षी रोपं कधी आणि कुठे लावायची, याचा सल्ला त्यांना तुमच्या नोंदींवरूनच देता येईल.